हॅगरच्या हातची माणसं

१

दगड गेला हे पहिल्यांदा कळलं ते दगड उचलायला आलेल्या माणसाला.

शनिवारी सकाळी मिस्टर ओल्सन कप्पी, साखळ्या आणि ब्रशांची पेटी घेऊन चार्ल्सटनहून सायप्रस बेंडच्या, मोंटेलांच्या जुन्या मळ्यावरच्या दफनभूमीत पोचले. जुन्या कबरींचे दगड उपटायचे, धुवायचे, डागडुजी करून पुन्हा बसवायचे, हा त्यांचा धंदा. ओकच्या झाडांखाली हॅगरची कबर होती. कबरीवरचे शंख आणि फुटके कप जागेवर होते. दगड उभा असायचा तिथे मात्र नुसती माती होती, वरून थोपटलेली.

तासाभरात मिस थिओ तिथे आल्या. थिओडोशिया रिव्हर्स त्यांचं नाव. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि आता गुलामांच्या वंशजांना त्यांचं मूळ शोधून द्यायच्या. काम चिकट होतं. गुलामाला आडनाव नसायचं, मेल्यावर दगड नसायचा. म्हणून तर हॅगरचा, एका गुलाम बाईचा दगड सगळ्या काउंटीत नवलाचा. त्यावर दोनच गोष्टी कोरलेल्या होत्या: ‘हॅगर’ आणि ‘१८७१’.

"हे काम प्रेस्टन मोंटेलचंच," लविनिया मॅनिगो धुमसत म्हणाली. ती राज्याच्या राजधानीत, कोलंबियात, वकिली करायची. उंचीने जेमतेम पाच फूट, पण आवाज सातफुटी माणसाचा. तिनेच मिस थिओंना कामाला लावलं होतं. "उद्या आम्ही हॅगरचे तीनशे वंशज इथे जमणार. फिलाडेल्फियाहून, डेट्रॉइटहून येतायत. आणि आजच दगड गायब!"

"त्यात प्रेस्टनचा काय फायदा?"

"जमीन विकायचीय त्याला. म्हणजे त्याच्या आत्याला विकायला लावायचीय. सौद्यात कलम आहे की दफनभूमी हॅगरच्या वंशजांकडे राहील. दगडच नसेल तर हॅगर कुठली आणि वंशज कुठले?"

मिस थिओ कबरीपाशी गुडघ्यांवर बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली. शंख एकूण एक पालथे होते, रीतीप्रमाणे. फुटके कप एका ओळीत होते. मेलेल्या माणसाने वापरलेल्या वस्तू कबरीवर ठेवायच्या, त्या फोडून ठेवायच्या आणि मग त्यांना हात लावायचा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. या वस्तूंच्या खालची माती मात्र नुकतीच हललेली होती, म्हणजे त्यांना हात लागला होता. त्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या आणि काम झाल्यावर जिथल्या तिथे परत मांडल्या होत्या. शंखांच्या मध्ये एक कात्री होती, फारशी न गंजलेली.

"ही कात्री कसली?"

"हॅगरची. म्हणजे तशी आमच्याच घरातली. गंजली की कोणीतरी नवी आणून ठेवतं. पूर्वीपासूनची पद्धत आहे. शिवणकाम करत असेल बाई."

कुंपणापाशी दवाने ओल्या गवतात ट्रकच्या चाकांचे पहाटेचे, ताजे ठसे होते. मिस्टर ओल्सन बाजूला हिरमुसून उभे होते. "वर दीड फूट दिसायचा," ते म्हणाले. "खाली किती आहे, देव जाणे. उपटल्याशिवाय कळत नाही."

मिस थिओ उठल्या, स्कर्टवरची माती झटकली.

"लविनिया, चोरी करून झाल्यावर आवराआवर करणारा चोर पाहिलायस कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याने दगड नेला त्याला पोलिसांची भीती नव्हती. त्याला हॅगरची भीती होती. नाहीतर माया होती."

२

मोंटेलांच्या घरी प्रेस्टन ओसरीच्या पायरीवर बसला होता. चाळिशीचा, ताडमाड उंच. अटलांटात घरं विकायचा आणि सगळ्या जगाकडे विकाऊ घर असल्यासारखं बघायचा.

"मी? दगड चोरू?" तो हसला. "मिस थिओ, त्या दगडाचा फोटो काउंटीच्या वाचनालयात टांगलाय. शाळेतली पोरं दरवर्षी त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात. दगड नेला म्हणून हॅगर पुसली जाते होय? उलट तो जागेवर असला तर माझा सौदा लवकर होईल. गिऱ्हाइकाला भांडण नकोय, मलाही नकोय."

"शेतावरचा ट्रक कोण चालवतं?"

"सध्या मी. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते, मागचं दार सताड उघडं. कोणीही या, न्या! तसं या घरात काहीच जागेवर नसतं म्हणा. सकाळी उद्याच्यासाठी बर्फ आणायला निघालो, तर बसताना गुडघे थेट स्टिअरिंगवर आपटले. आत्याला म्हटलं, निदान सीट तरी..."

"प्रेस्टन," जाळीच्या दाराआडून आवाज आला, "पाहुण्यांना उन्हात बसवून ठेवायची रीत अटलांटाची का?"

त्याची आत्या, मिस ऑगस्टा मोंटेल, बाहेर आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, चिमणीएवढ्या, पाठ मात्र अजून ताठ. लग्न केलं नव्हतं, गाव सोडलं नव्हतं. त्यांनी थंड चहा आणि तिळाची बिस्किटं पुढे केली.

"तो दगड माझ्या आजोबांनी बसवला. एडविन मोंटेल यांनी. जुन्या नोकराणीची आठवण म्हणून. त्या काळी असं कोणी करत नसे."

"आजोबा फार मायाळू होते?"

"नाही," मिस ऑगस्टा म्हणाल्या. आपणच दिलेल्या उत्तराचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "वडील सांगायचे, घरात ते कोणाशी दोन शब्द बोलत नसत."

"ओल्सन दगड पूर्ण उपटणार, हे तुम्हाला कधी समजलं?"

"गुरुवारी. मला वाटलं होतं, जागेवरच धुतील." त्यांनी बिस्किटाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "गेलेल्यांना उठवू नये, मिस रिव्हर्स. तुमच्या धंद्यात हे पटणार नाही तुम्हाला."

परत जाताना मिस थिओ ट्रकपाशी थांबल्या. प्रेस्टनने सीट मागे सरकवली होती, पण गुडघे आपटल्याची तक्रार काही खोटी वाटत नव्हती. पहाटे ट्रक चालवणारं माणूस बुटकं होतं. डोळ्यांपुढे पहिल्यांदा कोण आलं ते त्यांना आवडलं नाही. जेमतेम पाच फूट, आवाज सातफुटी.

३

डीकन एझिकिएल मॅनिगो प्रार्थनाघरात बाकं पुसत होते. चर्चमधले वडीलधारे, लविनियाचे चुलते, मॅनिगोंच्या सगळ्या गोतावळ्याचा खांब. खांद्याने अजून दार अडवतील असे धिप्पाड, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मिस थिओंना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"बसा, बाई. भेंडीचं सार आहे, घेता थोडं?"

"नंतर घेईन. डीकन, दगडाचं ऐकलंत ना?"

"ऐकलं. वाईट झालं." फडकं त्याच जागेवर पुन्हा पुन्हा फिरत होतं.

"लविनिया म्हणते प्रेस्टनने नेला."

"प्रेस्टन?" म्हाताऱ्याला हसू फुटलं. "त्याला स्वतःची बॅग उचलायला माणूस लागतो. पाच फुटी दगड तो काय उचलणार!"

मिस थिओ बाकावर बसल्या. बाहेर कोणीतरी उद्याच्या मेजवानीसाठी चूल मांडत होतं. त्याची ठोकठाक ऐकू येत होती.

"तुमच्या घराण्याची गोष्ट सांगा ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या आजीने सांगितली तशी. तिच्याच शब्दांत."

डीकनांचा चेहरा उजळला. "आजी आम्हा पोरांना चुलीपुढे बसवायची आणि म्हणायची, ‘फीबी हॅगरच्या हातची. फीबीची लेकरं हॅगरच्या हातची. ताठ चाला रे, तुम्ही हॅगरच्या हातची माणसं आहात!’ फीबी म्हणजे माझी पणजी."

"हातची?"

"हातची."

"पोटची नाही?"

फडकं थांबलं.

"म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ते," डीकन सावकाश म्हणाले. "अर्थ एकच."

मिस थिओंनी निरोप घेतला. दारात त्यांना कबरीवरची कात्री आठवली. कात्रीने काय फक्त कापडच कापतात? बाळ जन्मलं की पहिलं काय कापतात?

शोधायला घेतला होता एक दगड, आणि आता पायाखालून तीनशे माणसांची आई सरकू लागली होती.

४

"खरं सांग," मिस थिओंनी लविनियाला तिच्याच गाडीत बसवून विचारलं. "पहाटे शेतावरचा ट्रक तू चालवलास?"

"मी? माझ्याच हॅगरआजीचा दगड मी चोरू?" लविनिया आधी लाल झाली, मग तिला हसू आलं. "आणि तो खटारा गिअरचा आहे, मिस थिओ. मला गिअरची गाडी येत नाही. कॉलेजात असताना काकांनी शिकवायला घेतली होती, मी ती भाताच्या पाटात घातली. विचारा कोणालाही!"

मिस थिओंनी सुटकेचा श्वास टाकला. मग गंभीर झाल्या.

"तर मग नीट ऐक. सव्वाशे वर्षं दगड उघड्यावर उभा होता. कोणीही कधीही नेला असता. आज पहाटेच का? कारण ओल्सन आज तो उपटणार होता. वरची अक्षरं सगळ्या काउंटीला पाठ आहेत, ती लपवून काय मिळणार? लपवायचं होतं ते जमिनीच्या खाली होतं."

"दगडाच्या पायावर कोणी अक्षरं कोरत नाही."

"सहसा नाही. पण खाली काय आहे हे कोणाला ठाऊक असेल? ज्याने दगड पूर्ण पाहिलाय त्याला. ओल्सनसारख्या जाणकाराला दगडाची लांबी सांगता आली नाही. तुझ्या काकांनी आज बोलता बोलता सांगितली. पाच फूट."

 लविनियाचा सातफुटी आवाज कुठल्या कुठे गेला.

"काका कबरीवरच्या वस्तूंना पाय लागू देणार नाहीत," ती पुटपुटली. "शंख परत मांडतील. पण त्यांना दिसत नाही हो. गाडी सोडून दोन वर्षं झाली."

"म्हणून तर दुसरं कोणीतरी होतं. बुटकं. गिअरची गाडी चालवणारं. किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते माहीत असलेलं. आणि ओल्सन दगड उपटणार हे कळल्यावर ज्याच्या घशाखाली बिस्किट उतरलं नाही असं."

त्या दोघी प्रार्थनाघरात शिरल्या तेव्हा डीकन पुढच्या बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी, मध्ये हातभर अंतर राखून, मिस ऑगस्टा बसल्या होत्या. दोघंही उठले नाहीत. जणू वाटच बघत होते.

"मी तुला म्हटलं होतं, झीक," मिस ऑगस्टा म्हणाल्या, "ही बाई शाळामास्तरीण आहे. हिला कळणार."

डीकनांनी बाकाखाली बोट दाखवलं. गोधडीत गुंडाळलेला दगड तिथे होता. पत्र्यावर ओढत त्यांनी तो ट्रकपर्यंत आणला होता, आणि चढवताना चौऱ्याहत्तर वर्षांच्या मिस ऑगस्टांनी खालून पाठ लावली होती.

लविनियाने गुडघे टेकून गोधडी बाजूला केली. दगडाचं खालचं टोक मातीने काळवंडलं होतं. वरची अक्षरं रेखीव होती, खालची वेडीवाकडी, हौशी हाताने ठोकलेली. तिने ती मोठ्याने वाचली.

"‘माझी आई. तिचं एकुलतं एक लेकरू मी. एडविन मोंटेल.’"

तिने पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

"वादळाच्या साली दगड उन्मळून पडला," मिस ऑगस्टा सांगू लागल्या. "मी, माझा भाऊ आणि झीक तो उभा करायला गेलो, तेव्हा हे दिसलं. माझ्या पणजोबांच्या बायकोला मूल नव्हतं. हॅगरला त्यांच्यापासून मुलगा झाला. गोरा दिसत होता, म्हणून बाईसाहेबांनी आपला म्हणून वाढवला. आजोबांना हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, ठाऊक नाही. जमिनीच्या वर, सगळ्यांना दिसेल असं लिहायची छाती झाली नाही त्यांची. पण न लिहिताही राहवलं नाही. भाऊ म्हणाला, दगड पुरा आणि विसरा. आम्ही पुरला." त्यांनी हातरुमालाची घडी मोडली, परत घातली. "माझे वडील गोऱ्यांच्या सभांमधून रक्ताच्या शुद्धतेवर भाषणं द्यायचे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या आहेत."

"तुमचं मी समजू शकते," लविनिया म्हणाली. "पण काका, तुम्ही?"

"एकुलतं, पोरी. वाच ना. एकुलतं." डीकनांचा आवाज फाटला. "म्हणजे फीबी तिची नव्हे. म्हणजे आपण तिचे नव्हे. आपल्या माणसांकडे काय होतं गं? जमीन नाही, नाव नाही. एक आई होती, दगडावर नाव कोरलेली. तीही काढून घेऊ? आणि त्या सौद्यातलं ते कलम! वंशज नसलो तर ती जमीनही जाईल. तुझी ओडेसाकाकी तिथे आहे. मला कुठे पुराल? महामार्गाकडेच्या त्या सिमेंटच्या आवारात?"

 मग मिस थिओ दोघांच्या मध्ये, त्या हातभर रिकाम्या जागेत, जाऊन बसल्या.

"डीकन, तुमची आजी खोटं बोलली नाही. तिने पोटची कधी म्हटलंच नाही, हातची म्हटलं. हॅगर सुईण होती. कबरीवर तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या जी कात्री ठेवताय ती नाळ कापायची आहे. फीबीला तिने आपल्या हातांवर झेललं, आणि तुमच्या आजीचं बोलणं ऐकून मला वाटतं, तिनेच वाढवलं. फीबीच्या आईचं काय झालं ते मला माहीत नाही. विकली असेल, मेली असेल."

"मग उद्या लोकांना काय सांगू?"

"ते मी ठरवू शकत नाही. माझं काम शोधायचं. सांगायचं की पुरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

५

रविवारी तीनशे माणसं ओकच्या सावलीत जमली. प्रत्येकाच्या अंगात पिवळा टी-शर्ट, त्यावर लिहिलेलं: ‘हॅगरची लेकरं’. लाल भात, तळलेले मासे, कोळंबी यांचा वास दरवळत होता. दगड मिस्टर ओल्सननी धुऊन आणला होता आणि अजून पुरला नव्हता. मोठ्या ओकच्या खोडाला टेकवून तो पायापासून माथ्यापर्यंत उघडा ठेवला होता.

डीकनांनी सगळं सांगितलं. चोरीही सांगितली. शेवटी म्हणाले, "देवाच्या घरात लपवला मी तो. मला वाटलं, मी तुमची आई राखतोय."

फिलाडेल्फियाहून आलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो सरळ आपल्या गाडीकडे चालू लागला. त्याच्या मागे अजून काही निघाले. मागच्या रांगेत एक बाई रडू लागली. "मग आमची खरी आई कोण?" तिने विचारलं, आणि सगळे मिस थिओंकडे वळले.

"माहीत नाही," मिस थिओ म्हणाल्या. "शोधेन. पण खोटी आशा देणार नाही. कदाचित कधीच कळणार नाही. तिला मालकांनी दगड दिला नाही, नावही मागे ठेवू दिलं नाही. एवढं मात्र सांगते, तिचं बाळ एका बाईने झेललं, आणि ते बाळ मोठं होऊन तीनशे झालं. हॅगरच्या स्वतःच्या लेकराला तर तिला उघडपणे आई म्हणता आलं नाही. ते तुमच्या फीबीने म्हटलं असणार."

टोपी घातलेला म्हातारा गाडीपाशी उभा राहून ऐकत होता. गाडीत मात्र बसला नाही.

प्रेस्टन गर्दीच्या कडेला उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, तोंड उतरलेलं. इतक्या सगळ्यांत हॅगरच्या रक्ताचे दोघंच, तो आणि त्याची आत्या, आणि नेमका त्यांच्याच अंगात तो टी-शर्ट नव्हता. लविनिया त्याच्याकडे गेली.

"मी माझ्या पोरांना काय सांगू?" त्याने तिला विचारलं. चेष्टेचा सूर नव्हता.

"जे झालं ते. आमच्याही पोरांना आज तेच सांगायचंय." तिने त्याच्या हातात रिकामी ताटली दिली. "रांगेत उभा राहा. मासे संपतायत."

मिस ऑगस्टांनी सौद्याचा विषय दोन वाक्यांत मिटवला. जमीन विकायची नाही. दफनभूमी मॅनिगोंच्या नावावर करायची, आणि त्या कागदात रक्त हा शब्द नको, कागद लविनियाने आपल्या हाताने लिहावा. मग त्या सावकाश चालत डीकनांपर्यंत आल्या. मोंटेलांच्या स्वतःच्या कबरी पलीकडे होत्या, लोखंडी कुंपणाच्या आत, संगमरवरी.

"डीकन मॅनिगो," त्या म्हणाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांत त्यांनी या माणसाला झीकशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "तुमची हरकत नसेल तर... माझी वेळ येईल तेव्हा मला इथे, पणजीजवळ जागा हवी होती. नाही म्हणालात तरी मी समजेन."

 डीकनांना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान कबरींच्या ओळींकडे वळवली, जणू मोजून बघत होते. मिस थिओंना वाटलं, नाहीच म्हणतील. म्हणाले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

"हॅगरजवळ जागा नाही," ते शेवटी म्हणाले. "तिथे सगळी भरलीय. ओडेसाच्या एका बाजूला माझी जागा आहे. दुसरी बाजू मोकळी आहे."

"तुमच्या पत्नीला चालेल?"

"तिला कोणीही चालतं. पण सांगून ठेवतो, बाई फार बडबडी. तुमच्या घरात आठ वर्षं कपडे धुतलेत तिने. तिला तुमच्याशी पुष्कळ बोलायचं असेल."

मिस ऑगस्टांनी मान खाली घातली.

"बोलू दे," त्या म्हणाल्या. "मी ऐकेन."